सहा नंबर

सावंतवाडीत, मोती तलावाच्या मागच्या आळीत
आल्मेडांचं दुकान होतं:
सायकलीचे पार्ट, गळ, दोरखंड,
आणि कुलूपबंद कपाटात काडतुसं.
सुभेदार विश्राम पालवांची चिठ्ठी, लायसनचं पुस्तक
मी सदऱ्याच्या आत पोटाशी धरून न्यायचो.
चिठ्ठीत दर पुसात तेच:
बारा बोअर, पंचवीस, नेहमीची.

नेहमीची म्हणजे चार नंबर.
तरी आल्मेडा विचारायचे,
"खंयचो नंबर होयो?"
अकरा वर्षांच्या मला
कुणी काही विचारावं, असं तेच एक ठिकाण.

मला हिशोब ठाऊक होता.
पावसाळ्यात ओल पिऊन फुगलेलं,
नळीत न शिरणारं एक कागदी काडतूस
मी न्हाणीमागे चोरून फोडलं होतं.
चार नंबरचा छर्रा मुगाहून जरा लहान.
पितळी ताटात मोजले, एकशेअडुसष्ट भरले.
आल्मेडा म्हणायचे एकशेसत्तर.
उरलेले दोन आयेला मिळाले, तांदूळ निवडताना,
आणि मला तिच्या हातचे दोन.

सहाचा छर्रा मोहरीहून जरा मोठा,
शिसं तेवढंच, दाणे दोनशेसत्तर.
चार म्हणजे गारा, सहा म्हणजे झिमझिम.
चक्रांगासारख्या लहानग्या बदकाला, जवळून, सहा.
तलवार बदकाला, लांबून, चार.
पंख जाड, छाती जाड, वर उंची:
मोहरी तिथवर पोचते, पण थकून पोचते.
हे सगळं मला पाठ होतं.

आणि त्या वर्षी सुभेदारांच्या उजव्या डोळ्यात
मोतीबिंदू उतरला होता.
कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी.
पण होडीत चढताना ते पाय आधी हवेत ठेवायचे,
मग लाकूड शोधायचे.

"खंयचो नंबर होयो?"
मी म्हटलं, "सहा."
शंभर दाणे जास्त.
शंभर वेळा जास्त, त्यांना लागावं म्हणून.

नेरूरपारला कर्लीच्या खाडीत भरती चढत होती.
बाबा वल्ह्यावर, सुभेदार नाळेशी, मधे मी.
चिपीच्या झाडीमागून थवा उठला,
लांब मानांचा, शेपट्या टोकदार.
"किती लांब रे?"
साठ पावलं होती.
"चाळीस," मी म्हटलं.

बार झाला.
थव्यातलं एक जरा कललं,
जिन्यावर पायरी चुकावी तसं,
मग सावरलं, सगळ्यांबरोबर गेलं,
आणि पलीकडच्या झाडीवर
आपलं आपण खाली उतरत गेलं.

आम्ही पाणी ओसरेपर्यंत शोधलं.
मुळांत होडी अडकली, बाबा गुडघाभर चिखलात उतरले.
खेकडे होते, एक चप्पल होती.
पीस नव्हतं.

सुभेदारांनी रिकामी नळी डाव्या डोळ्याशी नेली,
मग आकड्यावरून अंगठा फिरवला.
मला वाटलं, आता कानाखाली.
ते खाडीकडे बघत बसले, म्हणजे
बघण्याच्या दिशेने बसले.
"झिला," ते म्हणाले,
"चुकणा बरा. अर्धा मारणा वायट."
एवढंच. मग बंदूक मोडून मांडीवर ठेवली
आणि नेरूरपार येईपर्यंत ती तशीच उघडी होती.

पुढच्या पुसात चिठ्ठी आली नाही.
मग कायदाच आला.
चोवीस काडतुसं बिस्किटाच्या डब्यात
तांदळात पुरून ठेवलेली, ती त्यांच्या सुनेने
पोलिसपाटलांकडे नेऊन दिली, तांदळासकट.

मी आता पुलावरून जातो, होडीची गरज नाही.
ओहोटीला बदकं चिखल चाळत असतात.
दाणा दळायला पोटात खडे लागतात त्यांना,
बारीक, गोल, जड.
त्या पाखराला किती लागले असतील?
दोन? धरू, तीन.
मी हिशोबात कच्चा कधीच नव्हतो.
खाली अजून दोनशेसदुसष्ट आहेत.